मित्र बिअर पितो, मी पीत नाही, जायचं का?

प्रश्न : आम्ही दोघं मित्र सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात म्युनिक, साल्झबर्ग आणि इन्सब्रुकला जायचा बेत करतोय. ऑक्टोबरफेस्ट, म्युनिकचा तो बिअरचा मोठा उत्सव, हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न. मी शाकाहारी, दारूला हात लावत नाही. माझ्यामुळे त्याचा विरस होईल का, की मीच तिथे कंटाळेन, या विचारात तिकिटं अडली आहेत. काय करावं?

उत्तर : तिकिटं काढा. मीही पीत नाही, आणि बिअरची शौकीन असलेल्या मैत्रिणीबरोबर याच तीन शहरांत फिरून आले आहे. फक्त पहिल्या दिवशी आमचं जे बिनसलं, ते तुमचं बिनसू नये म्हणून सविस्तर लिहिते.

ऑक्टोबरफेस्टच्या मैदानात आम्ही गेलो शनिवारी, दुपारी तीनला, पाठीवर सॅक घेऊन. तीन लिटरपेक्षा मोठी पिशवी मैदानात नेऊ देत नाहीत, हे कळलं ते दारावर. सामान ठेवून परत येईस्तोवर बिअरचे मोठे तंबू गर्दीमुळे बंद झाले होते. आत बाकावर जागा मिळाल्याशिवाय तिथे बिअर हातात पडत नाही. मैत्रीण हिरमुसली, मी ‘चल परत’ म्हणून घाई केली, आणि हॉटेलपर्यंत आम्ही एकमेकींशी चकार शब्द बोललो नाही.

सोमवारी सकाळी साडेदहाला पुन्हा गेलो. तेच मैदान, पण अगदी निवांत. तंबूत हवी तिथे जागा. संध्याकाळी सहापर्यंत बँडने आवाज बेतात ठेवायचा, असा नियम 2005 पासून आहे, त्यामुळे शेजारच्या आजोबांशी गप्पाही झाल्या. मला सगळ्यात जास्त आठवतात त्या बिअर आणून देणाऱ्या बाई. एक लिटरचा जाड काचेचा मग, त्याला तिथे ‘मास’ म्हणतात, भरला की दोन किलोंच्या वर जातो. बाईंनी दोन्ही हातांत मिळून दहा मग छातीशी धरले होते, आणि आमच्या टेबलावर ते अलगद टेकवले. फेस हलला, पण थेंब सांडला नाही. मैत्रिणीने मग उचलला तो दोन्ही हातांनी. ‘प्रोस्ट’, म्हणजे चिअर्स, म्हणताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, हे आजोबांनी आम्हाला शिकवलं. माझ्या हातात सफरचंदाच्या रसात सोडा घातलेलं ‘आप्फेलशोर्ले’ होतं. त्यांनी तितक्याच आनंदाने माझ्या ग्लासाला ग्लास लावला.

खाण्याची काळजी नको. ताटाएवढं ब्रेत्सेल, म्हणजे पिळाचा खारा पाव, त्याबरोबर ‘ओबात्झदा’ हे चीजचं चटकदार मिश्रण, किंवा चीजमध्ये घोळलेले ‘केझश्पेट्झ्ले’ हे नूडल्ससारखे तुकडे मागवा. मित्राला मात्र आधीच सांगून ठेवा: या उत्सवासाठी काढलेली बिअर सहा टक्क्यांच्या आसपासची असते, नेहमीपेक्षा कडक. रिकाम्या पोटी दुसरा मास नको. मैदानात प्रवेश फुकट आहे, पण 2024 मध्ये एका मासला 13.60 ते 15.30 युरो पडत होते. रोख जवळ असू द्या. या दिवसांत म्युनिकमधली हॉटेलं फार महाग होतात. आम्ही जवळच्या आउग्सबुर्ग शहरात राहिलो आणि रेल्वेने ये-जा केली.

हा उत्सव मुळात बिअरचा नव्हताच. 1810 मध्ये बव्हेरियाचा युवराज लुडविग आणि थेरेसा यांच्या लग्नानिमित्त इथे घोड्यांची शर्यत झाली, आणि मैदानाला वधूचं नाव मिळालं: थेरेसिएनवीझे. मला हे कळल्यावर ती जागा निराळीच वाटू लागली.

म्युनिकहून साल्झबर्गला जाताना ‘बायर्न तिकीट’ हे रेल्वेचं दिवसभराचं तिकीट घ्या. दोघांत एकच तिकीट चालतं, साध्या गाड्यांना साल्झबर्गपर्यंत लागू आहे. मात्र सोमवार ते शुक्रवार सकाळी नऊनंतर. 24 सप्टेंबरच्या सुमारास साल्झबर्गला संत रूपर्टच्या सणाची जत्राही असते, कॅथेड्रलभोवतीच्या चौकांत. तशीच डोंगरातून गुरं खाली येण्याची वेळ. उन्हाळाभर कुरणांत राहिलेल्या गाई फुलांचे मुकुट आणि मोठाल्या घंटा घालून गावात शिरतात, अगदी आपल्या पोळ्यासारखं. कळपात त्या उन्हाळ्यात काही अपघात झाला असेल तर मात्र गाई सजवत नाहीत. जवळच्या एखाद्या गावात हा दिवस साधता आला तर साधाच.

इन्सब्रुकला एक दिवस वेगवेगळे फिरा, हे माझं आग्रहाचं सांगणं. मैत्रीण उशिरापर्यंत झोपली आणि मी एकटीच शहराच्या मधोमध हुंगरबुर्गबान या डोंगर चढणाऱ्या रेल्वेत बसले. वास्तुरचनाकार झाहा हदीदने तिची स्थानकं बर्फाच्या आकाराची केली आहेत. पुढे दोनदा केबल कार बदलून अर्ध्या तासात डोंगरावरच्या हाफेलेकार स्थानकाला, 2,256 मीटरवर. खाली इन नदीची रेघ, वर कावळ्यांच्या जातीचे काळे, पिवळ्या चोचीचे पक्षी. स्वेटर न्या, वर वारा बोचतो. दुपारी भेटलो तेव्हा दोघींजवळ एकमेकींना सांगण्यासारखं खूप होतं.

आणि साल्झबर्गच्या म्युल्न भागातल्या जुन्या मठाच्या बिअरगृहात मित्राला नक्की न्या. 1621 पासूनचं आहे ते. पैसे भरायचे, फळीवरचा दगडी मग स्वतः उचलायचा, कारंज्याच्या गार पाण्यात विसळायचा आणि लाकडी पिंपाशी उभ्या माणसाच्या हातात द्यायचा. माझ्या मैत्रिणीचा मग मीच विसळून दिला होता.