आरएसआय 30 च्या खाली गेला म्हणून शेअर वळतोच असं नाही

भाऊ, तू लिहिलंस की भुसावळला ड्युटी सांभाळून रात्री डेली चार्ट बघतोस, आरएसआय (भावाच्या चढ-उताराचा जोर 0 ते 100 मध्ये मोजणारा आकडा) 30 खाली दिसला म्हणून शेअर घेतलास, तो आणखी 9 टक्के पडला, आणि आरएसआय अजून 25 ते 30 मध्येच घुटमळतोय. इंडिकेटर चुकतोय का, की अजून घेऊन सरासरी खाली आणावी, असं विचारलंयस. सरासरी आणू नकोस. मी सेबी नोंदणीकृत सल्लागार नाही, पण या चुकीची किंमत मी मोजलेली आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो आकडा काय सांगतो ते बघ. वेल्स वाइल्डरने 1978 मध्ये आरएसआय मांडला तेव्हापासून 14 दिवसांचा हिशेब रूढ आहे. वाढीची सरासरी 3 रुपये आणि घटीची 7 रुपये असेल, तर आरएसआय 30 येतो. म्हणजे एकूण हालचालीत चढाचा वाटा 30 टक्के, बस. विकणारे जोरात आहेत एवढंच त्यातून कळतं, ते दमलेत की नाही हे कळत नाही. पक्क्या उतरत्या बाजारात आरएसआय कित्येक आठवडे 20 ते 60 मध्ये फिरतो, 30 ला टेकून पुन्हा पडतो.

28 फेब्रुवारी 2020 ला निफ्टी 11,201 वर बंद झाला. इतकं पडलंय, आता उसळणारच, असं म्हणून मी घरच्या कापसाचे आलेले पैसे निफ्टीच्या ईटीएफमध्ये (निफ्टीसोबत वर-खाली होणारा, शेअरसारखा विकता येणारा फंड) घातले. 23 मार्चला निफ्टी 7,610 वर होता. त्या दिवशी सकाळीच लोअर सर्किट (घसरणीची ठरलेली मर्यादा) लागून बाजार 45 मिनिटं थांबला होता. पुढे बाजार वर आला हे खरं, पण मला जूनच्या पेरणीआधी पैसे लागणार होते, म्हणून मी खालीच विकून मोकळा झालो.

वळण ओळखायला वेग कमी होताना दिसावा लागतो. आमचं गाव चोपडा तालुक्यात, तापीकाठी. हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की जुनी माणसं काठावर काठी रोवून बसायची. पाणी आधी अर्ध्या तासाला हातभर चढायचं, मग वीतभर, मग चार बोटं. पाणी चढतच असायचं, पण जोर सरलेला दिसायचा. तरी गुरं खाली सोडत नसत. काठीवरचा ओला पट्टा उघडा पडला, म्हणजे पाणी खरंच उतरलं, की मगच सोडायचे.

डायव्हर्जन्स म्हणजे हेच, फक्त पडत्या भावात उलटं बघायचं. समजण्यापुरते आकडे घे: शेअर 412 ला आला, आरएसआय 24. तिथून 448 पर्यंत उसळला. पुन्हा पडून 398 ला आला, पण आरएसआय 33 वरच थांबला. भावाचा तळ खाली, आरएसआयचा तळ वर. हा झाला सरलेला जोर. ओला पट्टा कुठे? 448 च्या वर बंद भाव मिळाला की तिथे. तोवर थांबायचं. डायव्हर्जन्स दिसूनही भाव आणखी दोन-तीन तळ करतो, हे मी अनेकदा पाहिलंय.

थांबल्यामुळे 398 ऐवजी 450 ला घ्यावा लागतो, हे अनेकांना सहन होत नाही. पण तिथे हिशेब स्वच्छ असतो. स्टॉपलॉस, म्हणजे तोटा थांबवायला विकायचा भाव, 396, म्हणजे शेअरमागे 54 रुपये. एका सौद्यात 5,000 च्या वर गमवायचे नसतील तर 92 शेअर, त्र्याण्णव नाही. गॅप डाउन उघडला, म्हणजे सकाळी आदल्या दिवसापेक्षा एकदम खालच्या भावाने सुरू झाला, तर याहून जास्त जाऊ शकतात, म्हणून कंपनीच्या निकालाच्या आदल्या दिवशी मी असा सौदा करत नाही.

मॅकडी आणि स्टोकॅस्टिक हे आणखी दोन इंडिकेटरही लावलेत असं म्हणतोस. मॅकडी 12 आणि 26 दिवसांच्या सरासरीतला फरक दाखवतो, थोडा उशिरा बोलतो, पण दमाने. स्टोकॅस्टिक फार चंचल, मी काढून टाकला. तिन्ही त्याच भावातून निघतात, त्यामुळे तिघांनी हो म्हटलं तरी ते एकाच घरातले साक्षीदार. वेगळी साक्ष हवी तर व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरची उलाढाल झाली ते बघ: दुसऱ्या तळाला उलाढाल आटली का, आणि उसळीचा माथा ओलांडताना वाढली का.

आता तुझ्या शेअरचं. शेवटच्या उसळीचा माथा चार्टवर रेघ मारून ठेव आणि तिथे अलर्ट लाव, म्हणजे ड्युटीवर मोबाइल बघत बसावं लागणार नाही. किती तोट्यात बाहेर पडायचं तो भाव आजच कागदावर लिही. आणि आठवड्याच्या चार्टवरचा आरएसआय किती आहे ते इथे टाक, पण शुक्रवारी बाजार बंद झाल्यानंतरचा. आठवड्याची कॅन्डल (चार्टवरची त्या आठवड्याच्या भावाची कांडी) पुरी होईपर्यंत तो आकडा रोज बदलतो.