कुडाळात थंड पडलेली पाच मिनिटं

प्रिय बाय,

दादरच्या स्टँड-अपच्या ओपन माइकला, जिथे कुणीही नवखा येऊन विनोद सांगू शकतो, तिथे हशा घेणारा सेट कुडाळात, आपल्याच माणसांपुढे का पडला, असं तू विचारलंस. तुझं रेकॉर्डिंग मी दोनदा ऐकलं. पंच, म्हणजे विनोदाचे शेवटचे फटके, वाईट नाहीत. पण ब्रोकर, भाड्याची खोली, विरार लोकल हे सगळं कुडाळच्या माणसाला कळतं, त्याच्या अंगाला लागत नाही. गणपतीत चाकरमानी आलेले असतात, तेव्हा हाच सेट तिथे चालेल. एरवी नाही.

यंदा जत्रा सुरू झाल्या की दशावताराच्या नाटकाला जाऊन बस. मुख्य आख्यानाआधी आडदशावतारात संकासुर येतो. काळा वेश, लांब लाल जीभ, तोंडात मालवणी. त्याच्या हातात लिहिलेली संहिता नसते. मी पाहिलेला एक संकासुर तोंडाला रंग लावण्याआधी देवळाजवळच्या चहाच्या टपरीवर तासभर बसायचा. कुणाची विहीर आटली, कुठला साकव वाहून गेला, सगळं ऐकून घ्यायचा. रात्री तेच मांडावर यायचं आणि म्हाताऱ्याकोताऱ्यांपासून पोरांपर्यंत सगळे पोट धरून हसायचे. समोरच्या लोकांशी बोलून त्यांच्यातूनच विनोद काढायचा, तुम्ही क्राउड वर्क म्हणता ते हेच, फक्त तो ते दुपारीच सुरू करायचा. तू मात्र स्टेशनवरून थेट स्टेजवर गेलीस.

एक गोष्ट मला खटकली. 2 मिनिटं 40 सेकंदांवर तू आजीसारखा हेल काढलास आणि लोक हसले. शोमधला सगळ्यात मोठा हशा तोच होता, तरी तो काढून टाक. तिथे आजी काय म्हणाली याला कुणी हसलं नाही, ती कशी बोलते याला हसले. मालवणीत बोलायचं तर पूर्ण गोष्टच मालवणीत सांग, तुला येते. आणि चिपळूण-संगमेश्वराकडे गेलीस तर ध्यानात ठेव, तिथली बोली वेगळी आहे.

पावसाळ्यातले शो घेशील तेव्हा आधी छप्पर बघ. माझ्या दुसऱ्या वर्षी पत्र्याच्या हॉलमध्ये पंचआधी मी थांबलो आणि ती सगळी शांतता पावसानं भरून टाकली. लोकांना वाटलं, मी विसरलो. तेव्हापासून पाऊस असला की मी वाक्यं तोडून लहान करतो, पंचचा शब्द अगदी शेवटी ठेवतो आणि हशा पूर्ण विरेपर्यंत पुढचं बोलत नाही.

मानधन आणि गाडीभाडं वेगवेगळं ठरव, तेही आधी. परतीच्या गाडीचं तिकीट पक्कं नसेल तर मुक्कामाची सोय झाल्याशिवाय हो म्हणू नकोस, मग शो कितीही मोठा असो.

कणकवलीच्या शोला सकाळीच पोच. बाजारात फीर, कुणाशी तरी बोल. रेकॉर्डिंग पाठव, कुणी हसलं नाही त्या जागांसकट.

तुझा,
काका