नाशिकच्या भांडी बाजारातील आमच्या दुकानासाठी पॉडकास्ट सुरू करायचा आहे. नियोजन आणि भागांची रचना कशी करावी?

तुम्ही दिलेला तपशील असा आहे: तांब्या-पितळेच्या भांड्यांचे जुने कौटुंबिक दुकान, बोलणारे तुम्ही आणि तुमची धाकटी बहीण, हाताशी आठवड्याचे चार-पाच तास, आणि पहिल्या भागासाठी जवळपास ठरलेला विषय ‘आमच्या दुकानाची तीन पिढ्यांची वाटचाल’. माझे पिंपळगाव बसवंतला ठिबक सिंचनाच्या साहित्याचे दुकान आहे आणि द्राक्ष बागायतदारांसाठी मी चार वर्षांपासून मराठीत पॉडकास्ट करतो. त्या अनुभवावरून माझा पहिला आग्रह हा की, वाटचालीचा भाग पहिला ठेवू नका.

माझे पहिले तीन भाग याच वाटेने गेले होते. दुकान कसे सुरू झाले, ठिबकचे फायदे कोणते, आमच्याकडे काय काय मिळते, हे मी मनापासून सांगितले आणि ते नातेवाइकांखेरीज फारसे कोणी ऐकले नाही. चौथा भाग मात्र एका शेतकऱ्याने गल्ल्यावर विचारलेल्या प्रश्नावर केला: लॅटरलच्या (झाडांच्या ओळीतून जाणाऱ्या ठिबकच्या नळीच्या) शेवटच्या ड्रीपरमधून, म्हणजे थेंब सोडणाऱ्या तोटीतून, पाणी का येत नाही? पाण्यातील क्षार ड्रीपरमध्ये कसे साचतात, लॅटरलची टोके सोडून ती किती वेळ धुवावी, क्षार विरघळवण्यासाठी नळ्यांतून आम्ल सोडण्याची, म्हणजे ॲसिड ट्रीटमेंटची, वेळ केव्हा येते, एवढेच त्यात होते. तो भाग लोकांनी एकमेकांना पाठवला आणि निफाड-दिंडोरीकडून अनोळखी माणसांचे फोन आले. ऐकणारा स्वतःची अडचण घेऊन येतो. ती सुटली की मग ती सोडवणारा कोण, त्याचे दुकान कुठे, त्याचे आजोबा काय करत, हे जाणून घ्यायला त्याला आपसूकच आवडते.

म्हणून नियोजनाची सुरुवात माइकपासून न करता गल्ल्याजवळ ठेवलेल्या एका वहीपासून करा. महिनाभर दुकानात येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत लिहून ठेवा. ‘पितळेच्या पातेल्यात ताक कळकले, आता पातेले वापरायचे की नाही?’ हा प्रश्न ‘पितळी भांड्यांची निगा’ असा सभ्य करून लिहू नका, कारण पुढे भागाचे शीर्षक तेच होणार आहे आणि शोधणारी व्यक्तीही तसेच शब्द वापरणार आहे. महिन्याअखेर वहीत पन्नास-साठ नोंदी जमल्या, तरी त्यांतले वेगळे प्रश्न दहा-बाराच निघतील, आणि तुमचे पहिले पर्व त्यांतच आहे.

पर्व हा शब्द मी जाणीवपूर्वक वापरतो. ‘दर आठवड्याला, कायमचे’ असे जाहीर करणारे छोटे व्यावसायिक सणासुदीच्या गर्दीत सापडले की थांबतात, आणि मधेच बंद पडलेला पॉडकास्ट दुकानाविषयी चुकीचा संदेश देतो. आठ भागांचे एक पर्व, पंधरवड्याला एक भाग, एवढेच ठरवा आणि पहिला भाग प्रसिद्ध करण्यापूर्वी किमान चार भाग पूर्ण तयार ठेवा. माझ्या कामात हे वेळापत्रक द्राक्षबागांच्या छाटण्या ठरवतात. एप्रिलच्या खरड छाटणीआधी एक पर्व संपते आणि ऑक्टोबरच्या फळ छाटणीआधी दुसरे. तुमचे वेळापत्रक धनत्रयोदशीवरून उलटे मोजावे लागेल. शेवटचा भाग धनत्रयोदशीच्या आठवडाभर आधी यावा असे धरले, तर मागे चौदा आठवडे मोजल्यावर पहिला भाग आषाढी एकादशीच्या सुमारास येतो. याचा अर्थ वहीचे काम चैत्रात आणि ध्वनिमुद्रण वैशाख-ज्येष्ठात संपवायला हवे. लग्नसराईची गर्दी त्याच दिवसांत असते हे मला ठाऊक आहे, परंतु लोक प्रश्नही त्याच दिवसांत सर्वांत जास्त विचारतात.

भागांचा क्रम लावताना ऐकणारी एकच व्यक्ती डोळ्यांसमोर ठेवा. माझ्या मते तुमच्यासाठी ती सासूबाईंकडून हंडा, कळशी, परात असा वारसा मिळालेली, तो वापरावा अशी मनापासून इच्छा असलेली, पण कसा वापरावा हे सांगणारे घरात कोणी न उरलेली गृहिणी असावी. मूर्ती आणि समया घेणारे भाविक, हॉटेलवाले, भेटवस्तू घेणाऱ्या कंपन्या ही गिऱ्हाइके मोलाची आहेत, पण सर्वांना एकाच भागात बोलावले तर कोणालाच आपल्याशी बोलल्यासारखे वाटत नाही. दुकानाची वाटचाल चौथ्या भागात, श्रावणात घ्या. गोदावरीला पाणी चढले की भांडी बाजाराची आठवण गावाला त्याच दिवसांत होते, आणि ऑगस्ट २०१६ च्या पुरात बाजारात पाणी शिरले तेव्हा तुमच्या घरच्यांनी काय केले, हे तेव्हा सांगितलेत तर तीन पिढ्यांची हकिकत आपोआप त्याच्या आधाराने येईल.

आता एका भागाची रचना. ती मी कल्हईच्या उदाहरणाने सांगतो, कारण हा तुमचा सर्वांत भक्कम विषय ठरेल असे मला वाटते. पहिल्या अर्ध्या मिनिटात गिऱ्हाइकाचा प्रश्न, शक्यतो तिच्याच आवाजात, तिच्या परवानगीने: ‘कल्हई करून आणली आणि महिन्यात उडाली, असे का?’ लगेच थोडक्यात उत्तर: बहुधा भांडे रिकामे असताना आचेवर राहिले, किंवा तारेच्या काथ्याने घासले गेले. उत्तर शेवटापर्यंत राखून ठेवण्याचा मोह टाळा. उत्तर मिळाल्यावरही माणूस ‘का’ ऐकायला थांबतो. मग कारण: कल्हई म्हणजे कथिलाचा पातळ थर, कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते आणि तांबे जवळजवळ १०८५ अंशांना, म्हणून रिकामे भांडे तापले की भांड्याला काही होत नाही, पण थर वितळून गोळा होतो. त्यानंतर कारागीर. कल्हईवाले काका भांडे तापवतात, नवसागर टाकून पृष्ठभाग स्वच्छ करतात, कथिलाची कांडी फिरवतात आणि कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे पसरवतात. हे त्यांना काम करता करताच सांगायला लावा. समोर बसवून ‘तुमच्या कलेविषयी दोन शब्द बोला’ म्हटले की भलेभले कारागीर अवघडतात, आणि हातात सांडशी असली की तीच माणसे अर्धा तास बोलतात. शेवटी घरी करून पाहण्याजोगी एकच गोष्ट आणि पुढच्या भागाचा प्रश्न. सगळे मिळून पंधरा ते अठरा मिनिटे पुरतात. दुकानाचा उल्लेख अखेरीस एका वाक्यात, पत्त्यासह, यापेक्षा अधिक नको.

याच साच्यात पितळ आणि कांसे ओळखावे कसे (पितळेत तांब्यासोबत जस्त असते आणि कांशात कथील, आणि कांसे ठिसूळ असल्याने पडले की तडकते), आंबट पदार्थ कोणत्या भांड्यात ठेवू नयेत, जुने भांडे मोडीत देताना (धातूच्या भावाने परत देताना) वजन कसे धरतात, असे भाग बसतात. मोडीचा भाग करायला दुकानदार कचरतात. तुम्ही तो अवश्य करा; त्याने मिळणारा विश्वास जाहिरातीने मिळत नाही.

तांब्याच्या भांड्यातील पाण्याविषयी मात्र अतिशय सावध राहा. गिऱ्हाइके हा विषय काढणारच. तथापि १९५४ च्या औषधे आणि जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार मधुमेह, लठ्ठपणा, कर्करोग अशा परिशिष्टातील रोगांवर इलाज असल्याची जाहिरात करण्यास मनाई आहे, आणि त्या कायद्यातील ‘जाहिरात’ या संज्ञेत तोंडी केलेली घोषणाही येते. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी दंड आहे. तुम्ही धातू जाणता. धातूविषयीच बोला आणि आरोग्याचा प्रश्न डॉक्टरांकडे सोपवा. संगीताचेही तसेच आहे. चित्रपटगीत किंवा ध्वनिमुद्रित भजन परवानगीशिवाय लावू नका. भारतात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे टिकतो. तांबट आळीत हंड्यावर मठारकाम, म्हणजे हातोडीने ठोके देण्याचे काम, चालू असतानाचा ठोक्यांचा आवाज तुम्ही स्वतः मुद्रित केलात, तर त्याहून योग्य सुरुवात तुमच्या पॉडकास्टला मिळणार नाही.

संहिता शब्दशः लिहून वाचू नका, वाचलेले लगेच कळते. सुरुवातीचा आणि शेवटचा परिच्छेद तेवढा पूर्ण लिहा, मधले मुद्दे एका कागदावर मोठ्या अक्षरांत. तुम्ही दोघे भावंडे आहात हे बलस्थान आहे: बहिणीने गिऱ्हाइकाच्या बाजूने शंका काढावी, तुम्ही उत्तर द्यावे, आणि एखाद्या भागात भूमिका बदलाव्यात.

साधनांवर सुरुवातीला फार खर्च नको. फोनला जोडायचे, कॉलरला लावता येणारे दोन तारेचे माइक आणि ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर एवढ्यावर पहिले पर्व होते. दुकानात मुद्रण करू नका. घरातील गाद्या, गोधड्या आणि कपड्यांचे कपाट असलेली खोली निवडा, पंखा बंद करा, आणि बोलण्यापूर्वी एक मिनिट नुसती शांतता मुद्रित करा, म्हणजे मागची घरघर काढताना सॉफ्टवेअरला नमुना मिळतो. मूळ मुद्रण वेव्ह या न दाबलेल्या, पूर्ण दर्जाच्या फाइल-स्वरूपात जपून ठेवा. प्रसिद्धीसाठी ६४ केबीपीएस, मोनो, एमपीथ्री पुरेसे आहे. वीस मिनिटांचा भाग दहा एमबीच्या आत बसतो आणि तो गावाकडेही अडखळत नाही. मुखपृष्ठाचे चित्र चौरस, १४०० ते ३००० पिक्सेलच्या दरम्यान ठेवा, आणि ते फोनवर नखाएवढे दिसते हे लक्षात घेऊन त्यावर तीन-चारच शब्द घाला.

भाग एका होस्टिंग सेवेवर (फाइली इंटरनेटवर ठेवणाऱ्या सेवेवर) चढवायचे, तिथे आरएसएस फीड, म्हणजे भागांची आपोआप अद्ययावत होणारी यादी, तयार होते, आणि तीच फीड स्पॉटिफाय, ॲपल पॉडकास्ट्स, यूट्यूब म्युझिक यांना द्यायची. यातील एक गोष्ट मी नुकसान सोसून शिकलो. माझे पहिले खाते मदतीला आलेल्या एका मुलाच्या ईमेलवर होते. तो शिक्षणासाठी परगावी गेला, पासवर्ड हरवला, आणि अकरा भागांची फीड माझ्या हातातून गेली. जमलेले श्रोते पुन्हा शून्यापासून जमवावे लागले. खाते दुकानाच्या ईमेलवरच काढा, आणि दुसऱ्या होस्टिंगवर जाताना जुनी फीड नव्या पत्त्याकडे वळवता येते का, हे आधी तपासा.

ऐकणारे मिळवण्यासाठी पिशवीवर आणि पावतीवर क्यूआर कोड छापा, आणि प्रत्येक भागातील मिनिटभराचा तुकडा व्हॉट्सॲपवर पाठवा. डाउनलोडचे आकडे पहिल्या पर्वात फार पाहू नका. वहीत मात्र एक नवा रकाना आखा: ‘ऐकून आले’. भाऊबीज झाल्यावर दोघांनी ती वही घेऊन बसा. ज्या प्रश्नाचे उत्तर भागात देऊनही ऐकून आलेली माणसे तोच प्रश्न गल्ल्यावर पुन्हा विचारत आहेत, त्या भागात उत्तर उशिरा आले आहे किंवा ‘का’ नीट उलगडलेले नाही. दुसऱ्या पर्वाची सुरुवात तोच भाग नव्याने करून करा.