बेस फाटतोय? लेव्हलच्या आधी माइक तपास

सांगलीच्या गणपतीत डीजेपुढे कॉलरच्या माइकने तू रेकॉर्ड केलेली क्लिप ऐकली. गायकाचा आवाज स्वच्छ आहे, पण बेसचा ठोका पडला की सगळंच फाटतं. लेव्हल कमीच ठेवली होती म्हणतोस, आणि गोची तिथेच आहे. एडिटरमध्ये वेव्हफॉर्म, म्हणजे आवाजाचा आलेख, मोठा करून बघ. माथे शून्य डीबीच्या (रेकॉर्डरच्या कमाल मर्यादेच्या) बरेच खाली असूनही सपाट कापल्यासारखे दिसतात ना? म्हणजे आवाज लेव्हलपर्यंत पोचायच्या आधीच, माइकमध्ये किंवा प्रीअँपमध्ये (माइकचा सिग्नल वाढवणाऱ्या भागात) फाटलाय.

कॉलरचे छोटे माइक रेकॉर्डरच्या दोन-तीन व्होल्टवर चालतात. सांगलीच्या गणपतीत डीजेच्या भिंतीपुढे तेवढ्याने भागत नाही. माइकला जास्त व्होल्ट देणारा ९ व्होल्टचा बॅटरी बॉक्स घे आणि वायर माइक-इनऐवजी लाइन-इनला (जोरदार सिग्नल झेलणाऱ्या जॅकला) लाव. निम्मं दुखणं तिथेच संपतं. बॉक्सला लो-कट (खालचा बेस कापणारा स्विच) असेल तर ८०-१०० हर्ट्झला ठेव. एकदा फाटलेला आवाज एडिटिंगमध्ये सांधता येत नाही. ऑटो गेन (आपोआप लेव्हल बदलणारी सोय) बंद, रेकॉर्डिंग २४ बिट, पीक उणे १२ डीबीच्या आसपास. ३२ बिट फ्लोटच्या (लेव्हल चुकली तरी नंतर सावरता येणाऱ्या रेकॉर्डिंगच्या) जाहिरातींनी हुरळू नकोस, माइकच ओव्हरलोड झाला तर तेही हात टेकतं.

सांगलीच्याच भावे नाट्यमंदिरात नाट्यसंगीत असेल तर मात्र माइक-इनच बरं, लाइन-इनला तंबोरा खरखरीत हरवेल. आयोजकांना विचारून मधल्या रांगेत बस. कोपरा आणि भिंत टाळ, तिथे बेस उगाच फुगतो. बॉक्समध्ये नवा सेल घालूनच घराबाहेर पड. सेल उतरला की हाच फाटका आवाज परत येतो.