तारे, टॉर्च आणि पाठीमागचं पुणे

रात्रीच्या फोटोग्राफीबद्दल आलेल्या बऱ्याच प्रश्नांचा सूर ‘कुठला कॅमेरा घेऊ?’ असा असतो. ते बाजूला ठेवून पाच प्रश्न घेतो.

सिंहगडाच्या पायथ्याला जाऊन आकाशगंगेचे फोटो काढले. आकाश नारिंगी येतं. जास्त उजेड घेणारी लेन्स घेऊ का? (वारजे)

नको. ती लेन्स पुण्याचा उजेडही तेवढाच जास्त घेईल. आधी नकाशा उघडा. आकाशगंगेचा सर्वांत दाट, तेजस्वी भाग धनू राशीत, मूळ नक्षत्राच्या जवळ आहे, म्हणजे आपल्याला तो दक्षिणेकडे दिसतो. पुणे साडेअठरा अक्षांशावर असल्यामुळे तो क्षितिजापासून जवळजवळ 42 अंश वर चढतो. लंडनकरांना तो जेमतेम 10 अंशांवर दिसतो. एवढं दान पदरात असताना आपण चुकीच्या दिशेला गाडी काढतो. उत्तरेला जुन्नर-नारायणगावकडे गेलात तर आकाश काळं मिळेल, पण दक्षिणेला कॅमेरा लावला की नेमका मूळ नक्षत्राखाली पुण्याचा आणि चाकणचा उजेड येणार. म्हणून आकाशगंगेसाठी शहराच्या दक्षिणेला किंवा नैऋत्येला जावं: वेल्हे, भोर, रायरेश्वराचं पठार. तिथे पुणे पाठीमागे राहतं. सिंहगडाची दिशा बरोबर आहे, पण तो शहराला फार जवळ.

वेळही सांगून ठेवतो. मार्चच्या सुरुवातीला हा भाग पहाटे दोनच्या सुमारास उगवतो, एप्रिलअखेर रात्री अकराच्या आसपास. पुढे पावसाळा चार महिने खातो. ऑक्टोबरमध्ये अंधार पडल्यावर तो नैऋत्येला दिसतो आणि दहाच्या सुमारास मावळतो. पंचांगात अमावस्या बघा आणि तिच्या अलीकडचे-पलीकडचे तीन-चार दिवस धरा.

ध्रुवाभोवती फिरणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा काढल्या. रेषा सलग येण्याऐवजी तुटक-तुटक ठिपक्या आल्या. ढग नव्हते. (चिंचवड)

ही चूक मी स्वतः केली आहे, तीही चाळीस मिनिटं थंडीत कुडकुडून. कॅमेऱ्यातलं ‘लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन’ चालू राहिलं असणार. ते चालू असलं की 30 सेकंदांचा फोटो काढल्यावर कॅमेरा आणखी 30 सेकंद शटर बंद ठेवून एक काळा फोटो घेतो आणि मूळ फोटोतून वजा करतो. तेवढ्या वेळात तारे पुढे सरकतात, म्हणून फट पडते. ते बंद करा, 30-30 सेकंदांचे फोटो एकामागोमाग घ्या आणि नंतर संगणकावर जोडा. तासाभरात 15 अंशांची कमान मिळते. हो, इथे दिशेचं गणित उलटं होतं. आपल्याकडे ध्रुव उत्तरेला जेमतेम साडेअठरा अंश वर असतो, त्यामुळे वेल्ह्यातून त्याच्या बाजूलाच पुण्याचा उजेड येतो. या फोटोंसाठी मात्र जुन्नरची बाजू चांगली.

गावातल्या देवळाची दीपमाळ रात्री टॉर्चने उजळून तिच्यामागे तारे घ्यायचे आहेत. दगड पांढराफटक, सपाट दिसतो. (सासवड)

तुम्ही कॅमेऱ्याशेजारी उभे राहून बॅटरी मारताय. समोरून पडलेल्या उजेडात सावली मागे लपते आणि मग घडीव दगड पुठ्ठ्यासारखा दिसतो. कॅमेरा तिकाटण्यावर सोडून दीपमाळेच्या बाजूला चाला, साधारण काटकोनात उभे राहा. तिरप्या उजेडात दिवे ठेवायच्या प्रत्येक दगडी हाताची सावली दीपमाळेच्या खोडावर पडते. दीपमाळेचं रूप त्या सावल्यांत आहे. बॅटरी एका जागी धरू नका, भिंतीला चुना लावल्यासारखी वरखाली फिरवत राहा. वरचा भाग तुमच्यापासून दुप्पट लांब असेल तर तिथे उजेड एक चतुर्थांशच पोचतो, म्हणून हात वर जास्त वेळ रेंगाळू द्या. काळे कपडे घाला, बॅटरीचं तोंड कॅमेऱ्याला दिसू देऊ नका. पांढऱ्या एलईडीवर नारिंगी जिलेटिन कागद लावला की दगडाला तेलाच्या दिव्याची ऊब येते.

ताऱ्यांसाठी आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता) 3200 ठेवलात तर मोबाइलचा टॉर्चही दगड जाळून टाकेल. त्यामुळे दोन फोटो घ्या: एक ताऱ्यांचा, आणि कॅमेरा तसूभरही न हलवता दुसरा, आयएसओ 400 वर, दीपमाळेचा. मग ते जोडा. आणि हो, पुजाऱ्यांना आधी विचारा. रात्री देवळात बॅटऱ्या फिरताना दिसल्या की गाव जागं होतं.

दिवाळीत मुलांना फुलबाजीने हवेत नावं लिहायची आहेत. आणि पेटतं स्टील वूल (लोखंडाच्या बारीक तारांचा बोळा) गडावर फिरवलेलं चालेल का? (कोथरूड)

फुलबाजीचं जरूर करा. आयएसओ 100, अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र) एफ 11, शटर 10 ते 15 सेकंद. मुलांचं तोंड कॅमेऱ्याकडे असेल तर अक्षरं उलटी उमटतात. नंतर फोटो आडवा उलटवला की झालं. 1949 मध्ये जॉन मिली या छायाचित्रकाराने पिकासोच्या हाती छोटा दिवा देऊन अंधारात चित्रं काढून घेतली होती, तीही याच पद्धतीने.

स्टील वूल गडावर नको. जळत्या लोखंडाचे कण दूरवर उडतात, आणि पावसाळा सरला की सह्याद्रीतलं गवत काडेपेटीची वाट बघत असतं. ‘पाणी जवळ ठेवू’ म्हणणाऱ्यांनी पेटलेला डोंगर पाहिलेला नसतो.

फक्त मोबाइल आहे. जमेल? (हडपसर)

जमेल. स्टँडवर घट्ट बसवा, प्रो मोडमध्ये फोकस अनंतावर ठेवा, शटर 15 ते 20 सेकंद आणि टायमर 3 सेकंदांचा. हडपसरच्या गच्चीवरून मृग, व्याध, कृत्तिका एवढं मिळेल. आकाशगंगेसाठी भोरची एसटी पकडा.