गोळ्या थांबवू नका, हार्टचं वेगळं बघा

दादा, आजची गोळी चुकवू नका, बाकी सगळं नंतर. तुम्ही विचारलंय की वय ४६, एचआयव्हीसाठी टीएलडी (तीन औषधांची एकच रोजची गोळी) चालू आहे, व्हायरल लोड म्हणजे रक्तातला व्हायरस तपासणीत दिसत नाही, पण ओळखीतलं कोणीतरी म्हणालं की या गोळ्यांनी अटॅक येतो, तर बंद कराव्यात का.

तो माणूस अगदीच खोटं बोलत नाहीये. २००८ साली एका मोठ्या अभ्यासात अबाकावीर हे एचआयव्हीचं औषध घेणाऱ्यांमध्ये अटॅकचं प्रमाण जास्त दिसलं होतं, आणि जुन्या काही गोळ्यांनी कोलेस्टेरॉल वाढायचं. पण तुमच्या टीएलडीत अबाकावीर नाहीच, टेनोफोव्हिर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राव्हिर आहे (किडनीमुळे ज्यांना अबाकावीर दिलंय त्यांनी पण आपल्या मनाने थांबवू नये, गोळ्या मिळतात त्या सेंटरवर विचारावं). उलट २००६ च्या स्मार्ट अभ्यासात औषधं मधेमधे थांबवणाऱ्यांचेच मृत्यू जास्त झाले, हार्टचे त्रासही त्यांनाच जास्त, कारण व्हायरस मोकळा सुटला की रक्तवाहिन्यांना आतून सूज येते. व्हायरस दबलेला असला तरी थोडी सूज राहतेच, म्हणून आपल्याला, एचआयव्ही असणाऱ्यांना, अटॅकचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट धरतात.

आता कामाचं ऐका. २०२३ मध्ये रिप्रीव्ह अभ्यासाचा निकाल आला, ४० ते ७५ वयाचे साडेसात हजारांवर एचआयव्हीवाले, त्यात भारतातलेही, आणि फार धोका नसलेलेच लोक होते, तरी रोज पिटाव्हास्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारी, स्टॅटिन प्रकारातली गोळी) घेणाऱ्यांना अटॅक-स्ट्रोकसारखे मोठे त्रास ३५ टक्के कमी झाले. तुमचं वय यात बसतं, त्यामुळे पुढच्या वेळी सेंटरवर गोळ्या घ्यायला जाल तेव्हा बीपी, शुगर, लिपिड (कोलेस्टेरॉलची तपासणी) करून घ्या आणि स्टॅटिनचं स्वतःहून विचारा, गर्दीत डॉक्टरांना प्रत्येकाचं लक्षात येईलच असं नाही.

आणि "सिगरेट नाही, फक्त तंबाखू" असं सहज लिहिलंत ना, मला गोळ्यांपेक्षा त्याचीच जास्त काळजी वाटली. ट्रेनमध्ये उभ्या उभ्या चुना लावून मळता आणि गालात धरता त्या तंबाखूनेही अटॅकचा धोका वाढतो. ती सोडाच.

हार्टच्या डॉक्टरकडे गेलात तर एचआयव्हीची औषधं लपवू नका, लाजेने बरेच जण लपवतात. सेकंड लाइनवर (पहिल्या गोळ्या चालेनाशा झाल्यावरची औषधं) रिटोनाव्हिर असेल तर सिमव्हास्टॅटिन ही स्टॅटिन अजिबात चालत नाही, डोल्युटेग्राव्हिरबरोबर शुगरच्या मेटफॉर्मिनचा डोस सांभाळावा लागतो, हे त्यांना कळणार कसं? एचआयव्ही आहे म्हणून कोणी उपचार नाकारले तर ते २०१७ च्या कायद्याने बेकायदेशीर आहे, तसं सांगा. आणि छातीत दाबल्यासारखं होऊन घाम सुटला तर ॲसिडिटी समजून इनो पीत बसू नका, केईएम, सायन, जे जवळ पडेल तिथे कॅज्युअल्टीत जा आणि लगेच ईसीजी काढायला लावा.