नाव असोसिएशन, काम युनियनचं: मग मराठीत म्हणायचं काय?

प्रश्न असा आहे की अमेरिकेतल्या नॅशनल एज्युकेशन असोसिएशनला, म्हणजे एनईएला, मराठीत 'शिक्षण संघटना' म्हणायचं, 'शिक्षक संघ' की सरळ 'युनियन'. माझं मत आधीच सांगते, विशेषनाव आहे तसं ठेवा, आणि ओळख करून देताना कुठल्या काळाबद्दल लिहिताय ते बघा. १९६० च्या आधीचं असेल तर संघटना, १९७० नंतरचं असेल तर बिनधास्त युनियन. मधली दहा वर्षं खरी अवघड आहेत, त्यावर खाली येतेच.

मराठीत संघटना हा शब्द ऐसपैस आहे, डॉक्टरांची असते, व्यापाऱ्यांची असते, कामगारांचीही असते. युनियन म्हटलं की मात्र समोर मालक आला, मागण्या आल्या, वाटाघाटी आल्या, आणि नाहीच जमलं तर संपाची नोटीस आली. एनईए सुरुवातीची शंभर वर्षं यातलं काहीच नव्हती. १८५७ साली फिलाडेल्फियात ४३ जण जमले आणि नॅशनल टीचर्स असोसिएशन स्थापन झाली. नावात तेव्हा 'टीचर्स' होतं. १८७० मध्ये सुपरिंटेंडंट लोकांची (म्हणजे शाळांवरच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची), शिक्षक-प्रशिक्षण शाळांची अशा संस्था तिच्यात सामील झाल्या, आणि 'टीचर्स' जाऊन शिक्षणवाचक शब्द आला. हा बदल नुसता नावाचा नव्हता बरं का, आता शिक्षक आणि त्यांचे साहेब एकाच छताखाली बसायला लागले, आणि जिथे साहेबही सभासद तिथे पगारवाढीची मागणी करायची तरी कोणाकडे? म्हणून त्या काळासाठी युनियन लिहिलं तर ते चूकच.

जाता जाता एक गोष्ट, संस्थेच्या सुरुवातीच्या घटनेत, म्हणजे नियमावलीत, सभासदत्व फक्त 'जंटलमन'ना होतं, तिथे 'पर्सन' हा शब्द यायला १८६६ उजाडलं. एका शब्दासाठी बायका नऊ वर्षं दाराबाहेर, शब्दांचा काथ्याकूट कशाला असं जे विचारतात त्यांच्यासाठी मला एवढं उदाहरण पुरतं.

आता ती मधली दहा वर्षं. १९१६ साली शिकागोत अमेरिकन फेडरेशन ऑफ टीचर्स निघाली होती, ती पहिल्यापासून स्वतःला युनियनच म्हणवायची. डिसेंबर १९६१ मध्ये न्यूयॉर्क शहरातल्या शिक्षकांनी आपल्या वतीने कोणी बोलायचं यासाठी मतदान केलं, त्यात या फेडरेशनची शाखा जिंकली आणि एनईएच्या बाजूचा गट हरला. एनईएला कळून चुकलं की आता आपल्यालाही लढायला लागणार, पण शब्द काही तोंडातून निघेना. मग 'कलेक्टिव्ह बार्गेनिंग'च्या (सगळ्यांनी मिळून मालकाशी वाटाघाटी करण्याच्या) जागी 'प्रोफेशनल निगोशिएशन' आलं, संपाच्या अलीकडे थांबणारं 'प्रोफेशनल सँक्शन्स' आलं, म्हणजे या राज्यात नोकरी घेऊ नका असं देशभरच्या शिक्षकांना सांगायचं. १९६८ ला फ्लोरिडात तर संप बेकायदा म्हणून हजारो शिक्षकांनी चक्क राजीनामे दिले! कागदावर राजीनामा, प्रत्यक्षात राज्यभर शाळांवर शिक्षक नाहीत. अशा ठिकाणी नुसतं 'संप' लिहून पुढे जाऊ नका, 'सामूहिक राजीनामे' लिहा आणि तो संपच होता हे पुढच्या वाक्यात सांगा, कारण त्यांनी तो शब्द का टाळला यातच सगळा इतिहास आहे. १९७० च्या दशकात शाळा-प्रशासकांची संस्था एनईएतून वेगळी झाली, साहेब बाहेर पडले, आणि मग युनियन म्हणायला कसलीच अडचण उरली नाही. आज जवळपास ३० लाख सभासद असलेली ती अमेरिकेतली सगळ्यात मोठी युनियन आहे, नावात मात्र अजून असोसिएशनच.

'शिक्षक संघ' मी टाळते, कारण एनईएत शिपाई, बसचालक, स्वयंपाकघरात काम करणारे असे शाळेतले इतर कर्मचारीही आहेत. 'महासंघ' त्या दुसऱ्या फेडरेशनसाठी राखून ठेवा, नाहीतर एकाच लेखात दोघी आल्या की कोण कुठली ते कळत नाही (१९९८ मध्ये दोघींच्या विलीनीकरणाचा प्रस्ताव एनईएच्या प्रतिनिधींनी फेटाळला, त्यामुळे दोघी एकत्र येतातच लेखात). आणि 'सामूहिक सौदेबाजी' कृपा करून नको, मराठीत सौदेबाजी म्हटलं की टेबलाखालचं काहीतरी वाटतं, तिथे 'सामूहिक वाटाघाटी' लिहा.